नियमाला ठेवलेले दार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची साहजिक अपेक्षा अशी होती की, कामगार चळवळीत हयात घालविलेला हा माणूस बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत अशा एखाद्या विषयावर बोलेल. मी विषय कळविला तो मोठ्या संगणकातील 'एक्झिट' नावाच्या लहानशा आज्ञावलींचा. चालक जरा बुचकळ्यात पडले. त्यांतले एक स्नेही मला म्हणाले, "अहो, करमाडात हे कोण ऐकणार?" मी त्यांना म्हटले, "विषय मजुरीचाच आहे. फक्त तो यंत्राच्या पोटात जाऊन बसला आहे, एवढेच."

प्रारंभीच एक कबुली द्यावयास हवी. मी इंजिनियर नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. १९९० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मी मुंबईत एका मोठ्या कार्यालयाच्या संगणकखोलीत रात्रपाळीला लागलो. काम टेपा लावण्याचे आणि उतरवण्याचे. पुढे कन्सोलवर बसू लागलो. पहाटे तीन ते पाच या वेळात यंत्र आपल्या तंद्रीत असते आणि माणसाला झोप येते. त्या वेळी जागे राहण्यासाठी मी कपाटातली जाडजूड माहितीपुस्तके वाचू लागलो. शब्दकोश मांडीवर घेऊन एक-एक पान वाचले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते कन्सोलपुढे बसून शिकलेले आहे. त्यात विद्वत्ता शोधू नये.

आधी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. आपले करमाड स्टेशन घ्या. देशातील सर्व रेल्वेला सामान्य नियमांचे एक पुस्तक आहे. लाल सिग्नलशी गाडी उभी राहिली पाहिजे, हा नियम करमाडला जितका लागू तितकाच कन्याकुमारीला. त्याखाली प्रत्येक रेल्वेचे पूरक नियम असतात. आपल्याला लागतात ते दक्षिण मध्य रेल्वेचे. पण एवढ्याने स्टेशन चालत नाही. या स्टेशनात रूळ किती, फाटक कोठे, उतार कोणत्या अंगाला, हे दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याला कसे ठाऊक असणार? म्हणून प्रत्येक स्टेशनासाठी 'स्टेशन वर्किंग रूल्स' निराळे लिहिलेले असतात. नव्याने आलेल्या स्टेशन मास्तरला ते वाचून, 'मी वाचले, मला समजले' अशी सही केल्यावाचून कामाचा ताबा घेता येत नाही. स्थानिक नियम, त्याची लेखी प्रत आणि वाचणाऱ्याची सही, या तीन गोष्टी कृपा करून ध्यानात ठेवा. शेवटी मला त्यांच्याकडेच परत यावयाचे आहे.

आता यंत्राकडे वळू. मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळी शेकडो कामे हाताळणारा मोठा संगणक. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेलकंपनीत आयबीएमचे १४०१ जातीचे यंत्र बसले. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम ३६० ही नवी मालिका जाहीर केली, आणि तिच्यासाठी जी कारभारी आज्ञावली तयार झाली तिचे वंशज आजही जगातल्या मोठमोठ्या बँकांत व विमा कंपन्यांत काम करीत आहेत. कोणते काम आधी घ्यावे, कोणाला किती वेळ द्यावा, कोणते काम तोडावे, हे सारे ही कारभारी आज्ञावली ठरवते. कारखान्यात जसा टाइम-ऑफिसचा बाबू, तसाच हा समजा. फक्त हा बाबू चहाला उठत नाही आणि कोणाची ओळख ठेवत नाही.

ही आज्ञावली लिहिणारे लोक अमेरिकेत. वापरणारे कोणी मुंबईत, कोणी टोकियोत, कोणी लंडनमध्ये. प्रत्येक घरची रीत निराळी. एका कार्यालयात नियम असा की, दिवसा लांब पल्ल्याचे काम घ्यावयाचे नाही. दुसऱ्यात असा की, प्रत्येक कामावर खर्चाच्या खात्याचा क्रमांक असलाच पाहिजे. हे सारे नियम एका आज्ञावलीत कोंबणे अशक्य. पहिल्या काळात वापरणारे लोक मूळ आज्ञावलीच उघडून तिच्यात आपापल्या दुरुस्त्या करीत, कारण तिचा लिखित मजकूर कंपनी देत असे. पण कंपनीची नवी आवृत्ती आली की या दुरुस्त्या पुन्हा पहिल्यापासून करणे आले. पुढे १९८३ साली आयबीएमने मूळ मजकूर देणे बंद करण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून तो मार्ग आकसतच गेला. उरला सरळ मार्ग एकच, तो म्हणजे एक्झिटचा.

सिनेमागृहात दारावर लाल अक्षरांत 'एक्झिट' लिहिलेले आपण पाहतो. येथेही अर्थ दाराचाच आहे. कारभारी आज्ञावली आपल्या वाटेने चालता-चालता ठरावीक जागी थांबते, त्या दारातून बाहेर डोकावते आणि घरमालकाला विचारते, "हे असे काम आले आहे, आपले काय म्हणणे आहे?" दाराबाहेर घरमालकाने लिहिलेली छोटी आज्ञावली बसलेली असते. तिने एका ठरावीक जागी आकडा ठेवावयाचा आणि परत फिरावयाचे. काम आत येते तेथे एक दार आहे. तेथे शून्य ठेवले तर 'येऊ द्या', चार ठेवले तर 'रद्द करा'. कामाला दिलेला वेळ संपतो तेथे दुसरे दार आहे. येथे गंमत अशी की अर्थ उलटा होतो. शून्य म्हणजे 'तोडा', चार म्हणजे 'मुदत वाढवून द्या'. परवलीचा शब्द बदलताना एक दार, काम संपताना एक दार. यंत्र स्वतःच्या कारभाराची जी रोजकीर्द लिहिते, जिला एसएमएफ म्हणतात, तिच्यात नोंद जाण्यापूर्वीही एक दार आहे, आणि तेथे चार ठेवले तर ती नोंद लिहिलीच जात नाही. हे शेवटचे दार विसरू नका. ज्याच्या हाती ते आहे त्याच्या हाती इतिहास आहे.

आता मी माझी हकीकत सांगतो. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती. वाईट होती ती रीत.

आमच्याकडे पगाराचे काम महिन्यातून एकदा रात्री चाले. प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा असे. ती ओलांडली की यंत्र काम तोडी आणि कन्सोलवर ३२२ हा आकडा येई. आम्ही ऑपरेटर मंडळी तो आकडा बाळपणीच्या बागुलबुवासारखा ओळखत असू. पण पगाराच्या कामाला कधी ३२२ आला नव्हता. महिना जड असला, थकबाकी वा बोनस असला, की वेळ संपताना कन्सोलवर एक ओळ उमटे: मुदत वाढवली. आणि काम पुढे चाले. मला वाटे, यंत्रच पगाराचा मान राखते!

१९९५ सालच्या उन्हाळ्यात आमच्याकडे कारभारी आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविण्यात आली. मे गेला, जून गेला, सप्टेंबरही सुखरूप गेला. मग दिवाळीचा महिना आला. बोनसचा हिशेब त्यात. रात्री दीडच्या सुमारास पगाराचे काम तुटले. ३२२. मी रीतीप्रमाणे पुन्हा सुरू केले, पुन्हा तुटले. कामाच्या पत्रकावर वेळ वाढवून घालावा म्हणून वरिष्ठांना घरी फोन केला. त्यांनी परवानगी दिली. तसे केले तर काम आतच येईना. वाजवीपेक्षा जास्त वेळ मागणारे काम दारातच रद्द करावयाचे, असा आमच्याकडे नियम होता, आणि तो नियम पाळणारी दुसरी एक्झिट शाबूत होती.

बंधूंनो, मनाई करणारी एक्झिट नव्या आवृत्तीत आली होती. सवलत देणारी मागे राहिली होती. पुढील तीस वर्षांत मी ज्या-ज्या कारखान्यात वाटाघाटीस बसलो, तेथे मालक बदलताना, यंत्र बदलताना, कायदा बदलताना हाच प्रकार पाहिला. मनाई फाटकावर पाटी लावून असते, म्हणून ती विसरली जात नाही. सवलत कोणाच्या तरी डोक्यात असते.

ती कोणाच्या डोक्यात होती? आमचे जुने सिस्टीम प्रोग्रामर त्याच वर्षी मार्चमध्ये निवृत्त झाले होते. पहाटेची पहिली लोकल धरून मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. मी ३२२ म्हणताच त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"पगाराचं तुटलं?"

"होय साहेब."

"अरे, ती एक्झिट मी १९८७ साली टाकली होती. तेव्हाही दिवाळीत असंच झालं होतं. नव्या पोरांना कोणी सांगितलं नाही?"

"आपण कोणाला सांगितलं होतं का?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कधी लिहून ठेवलं नाही. मला वाटलं, मी आहेच की."

त्यांच्या माळ्यावर रुंद छापील कागदांची एक चळत होती. तिच्यात ती आज्ञावली सापडली. साऱ्या मिळून साठ-सत्तर ओळी. ती नव्या आवृत्तीशी जुळवून घेणे, तपासणे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे, यात दोन दिवस गेले. हजारो घरांत पगार आणि बोनस दोन दिवस उशिरा पोहोचला. दिवाळीतले दोन दिवस म्हणजे काय, हे ज्याला किराणा उधारीवर आणावा लागतो त्याला विचारा.

आणि पुढे? चौकशी झाली आणि मेमो मिळाला मला. 'रात्रपाळीतील निष्काळजीपणामुळे काम दोनदा तुटले.' तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा युनियनच्या कार्यालयाची पायरी चढलो. तेथील वयस्क चिटणीसांना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यंत्राला हजेरीपुस्तक असते का?" असते, मी म्हटले. आम्ही एसएमएफची नोंद मागितली. काम किती वाजता सुरू झाले, किती वेळ वापरला, कोणत्या आकड्याने तुटले, सारे तीत होते. मागच्या दिवाळीत हेच काम मर्यादा ओलांडूनही पूर्ण झाले होते, हेही होते. मेमो मागे घेण्यात आला. ती नोंद वाचली नसती, तर आज मी आपल्यापुढे उभा नसतो. असतो तर बडतर्फ म्हणून उभा असतो.

त्या रात्रीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो. एक्झिट सांभाळावयाची कशी, यावर जगभरच्या जाणत्यांनी जे ठरविले आहे त्याचे सार चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, एक्झिट लहान ठेवावी. ती कारभारी आज्ञावलीच्या अधिकाराने चालते. साध्या कामात चूक झाली तर ते एक काम पडते. एक्झिटमध्ये चूक झाली तर सारे यंत्र पडू शकते. म्हणून तिने थोडे विचारावे, थोडे सांगावे आणि निघावे. दारात बसून गप्पा मारू नयेत. आणि आपण अडखळलो तर यंत्राला न पाडता बाजूला कसे व्हावयाचे, याची तजवीज तिच्यातच केलेली असावी.

दुसरी गोष्ट, तिची नोंद असावी. बसविलेल्या प्रत्येक दुरुस्तीची वही ठेवणारी एसएमपी नावाची आज्ञावली या यंत्रांवर असते. तिच्यात आपला बदल 'यूजरमॉड' म्हणून रीतसर चढविला, तर कंपनीची दुरुस्ती त्याच भागावर येऊ लागताच ती वही हटकते: येथे घरमालकाचे काही आहे, आधी ते पाहा. नवी आवृत्ती आणताना काय-काय बरोबर न्यावयाचे, याची यादीही हातात असते. आमच्या साहेबांनी एक एक्झिट वहीत चढविली होती, दुसरी घाईत तशीच बसविली होती. सारा अनर्थ एवढ्याचा.

तिसरी गोष्ट, प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती पुन्हा जुळवून तपासावी. कारभारी आज्ञावलीतील कोष्टकांच्या जागा सरकतात. काल ज्या खणात कामाचे नाव होते त्या खणात उद्या दुसरेच काही असते. आणि तपासणी साध्या दिवसाची करून भागत नाही, दिवाळीची करावी लागते. सवलत ही अडचणीच्या दिवसासाठी असते. सोप्या दिवशी ती आहे की नाही हे कळतच नाही.

चौथी गोष्ट, जिचे कारण संपले ती काढून टाकावी. माणसे बदलतात, कारणे विसरली जातात, आणि 'कोणास ठाऊक कशाला आहे, हात लावू नका' म्हणून एक्झिट वर्षानुवर्षे बसून राहते. पूर्वी ज्यासाठी एक्झिट लिहावी लागे, त्यांतील पुष्कळ गोष्टी आता साध्या निवेदनांनी ठरविता येतात. २०१९ च्या आवृत्तीपासून तर कामे आत घेणाऱ्या जेईएस-२ या भागात, काही एक्झिटऐवजी धोरणे लिहून देण्याची सोय झाली आहे. ती वाचावयास जुनी असेंब्लर भाषा यावी लागत नाही. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. जो नियम अनेकांना वाचता येतो, त्याच्यावर अनेकांचा पहारा राहतो.

यात सहकाराचाही एक सुंदर धडा आहे. या यंत्रांच्या वापरणाऱ्यांनी १९५५ सालीच अमेरिकेत 'शेअर' नावाची संघटना स्थापली आणि आपापल्या आज्ञावली एकमेकांना देऊ लागले. १९७० च्या दशकात कनेक्टिकट राज्यातील एका बँकेतून अशा आज्ञावलींची एक टेप वाटली जाऊ लागली. त्या बँकेच्या नावावरून तिला सीबीटी टेप म्हणतात. तीत एक्झिटही आहेत, आणि आजही ती कोणालाही फुकट मिळते. मालक परस्परांचे स्पर्धक, पण त्यांचे कारागीर एकमेकांना हत्यार उसने देत होते. आपल्याकडेही १९७८ साली आयबीएमने भारत सोडला तेव्हा, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीतील आपल्याच तंत्रज्ञांनी तिची जुनी यंत्रे चालती ठेवली. यंत्र विकणारा निघून गेला तरी सांभाळणारा राहिला तर यंत्र चालते. सांभाळणाऱ्याचे ज्ञान गेले, तर विकणारा उशाशी बसूनही उपयोग नाही.

आता आम्हा चळवळीतल्या लोकांची झाडाझडती घेतो. संगणकाविषयी आम्ही कमी भांडलो असे नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकाविरुद्ध कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. आपल्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ साली यांत्रिकीकरणावर अहवाल दिला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांच्या संघाने कर्मचारी संघटनांशी संगणकाबाबत करार केला. यंत्र कोठे बसेल, किती बसतील, नोकऱ्या किती राहतील, याची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. पण यंत्राच्या पोटातला नियम कोण लिहिणार, तो आम्हाला वाचावयास मिळणार का, बदलताना आम्हाला सांगणार का, हे आम्ही विचारले नाही. आम्ही यंत्राची संख्या मोजली, दारे मोजली नाहीत.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ९-अ हे कलम होते. रूढीने मिळत आलेली सवलत काढून घ्यावयाची तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस दिली पाहिजे, असे त्यावरून ठरे. आज तो कायदा जाऊन २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे आणि बदलाच्या नोटिशीचे तत्त्व तिच्यातही राहिले आहे. पण १९९५ च्या त्या उन्हाळ्यात आमची सवलत कोणी काढून घेतली? कोणीच नाही! ती फक्त नव्या घरात नेली गेली नाही. कोणाची सही नाही, कोणाचा हुकूम नाही, आणि म्हणून नोटीस नाही. यंत्रयुगात हक्क हिरावले जाण्याची ही नवी तऱ्हा आहे, आणि तिच्यावर उपाय एकच: जे चालत आले आहे ते लिहून घ्या. न लिहिलेली सवलत हा उपकार असतो. लिहिली, वाचली, सही झाली, म्हणजे तिचा हक्क होतो.

कोणी म्हणेल, सवलतीची दारे ठेवूच नयेत, सर्वांना एकच नियम असावा. या गावात उभे राहून मला ते म्हणवत नाही. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती सर्व देशाला एकाच शब्दांत लागू झाली. घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या मजुराने काय करावे, याचे दार त्या हुकुमात नव्हते. ८ मे रोजी पहाटे, बदनापूर आणि करमाड या स्टेशनांच्या दरम्यान, जालन्याहून गावी पायी निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातले होते. ज्या रेल्वेत प्रत्येक लहान स्टेशनासाठी निराळे नियम लिहून त्यावर सही घेतात, तिच्याच रुळांवर हे घडले. रुळांना करमाड ठाऊक होते. हुकुमाला मजूर ठाऊक नव्हता. याहून अधिक बोलण्याची माझी छाती नाही.

आज आपल्या मुली-मुले पुण्या-मुंबईला रात्र-रात्र जागून परदेशच्या बँकांची मेनफ्रेम सांभाळतात. शेंद्र्याच्या वसाहतीत आपण अंगठा टेकवतो ती हजेरी कोठल्या तरी यंत्रात जाते. फटफटीवर जेवण पोहोचविणाऱ्या पोराला कामावर घेणे व वगळणे मोबाइलमधला नियम करतो. या साऱ्यांत कोठे तरी एक दार आहे, आणि तेथे कोणी तरी शून्य किंवा चार ठेवतो आहे. मुलामुलींना माझे सांगणे असे, की तुमच्या हातून असे एखादे दार घडले तर ते का घडविले हे दोन ओळींत लिहून ठेवा आणि आपल्यामागून येणाऱ्याला वाचावयास लावून त्याची सही घ्या. आणि कामगार बंधूंनो, पुढच्या वेळी नवे यंत्र बसणार असे कळले, तर वाटाघाटीत एक मागणी अधिक घाला: जुन्या यंत्रात आमच्यासाठी काय-काय चालत आले आहे, त्याची लेखी यादी आधी टेबलावर ठेवा.

आमचे डोंबिवलीचे साहेब आता नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी मला त्या छापील कागदांतील पहिले पान दिले. वरच्या कोऱ्या जागेत त्यांनी थरथरत्या हाताने पेन्सिलीने लिहिले होते: 'दिवाळीत पगार अडू नये म्हणून.' आठ वर्षांपूर्वीच ही एक ओळ त्यांनी लिहिली असती तर पुढचे सारे टळले असते.